शुगर, उदासी आणि पुरुष: समुपदेशन आणि व्यायाम एकत्र कसे चालवायचे

मधुमेहाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ ठरलेली असते: रोज ३० मिनिटे चालणे. ज्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठून दात घासायचं जिवावर येतं, त्याला ही ओळ म्हणजे आणखी एक न झालेलं काम. दुसरीकडे समुपदेशकासमोर तासभर बोलून हलकं वाटलं तरी घरी आल्यावर तीच खुर्ची, तोच टीव्ही आणि रात्री साडेदहाचं जेवण. दोन्ही सल्ले बरोबर असूनही वेगवेगळे दिले की दोन्ही वाया जातात. म्हणून इथे सांगायचं एवढंच आहे, की चालणं हा समुपदेशनाचा गृहपाठ करायचा आणि चालताना जिथे अडलं तो पुढच्या भेटीतला विषय करायचा. एक वही, एक वेळापत्रक, आणि दोन्ही तज्ज्ञांना तीच वही दाखवायची.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. अमेरिकेत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या २९१ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात परिचारिकांनी फोनवरून १२ आठवडे संज्ञानात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराची, सत्रं घेतली, मग चालण्यावर भर देत महिन्याला एक फोन सुरू ठेवला. वर्षअखेर उपचार गटातले ५८ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ३९ टक्के. रोजची पावलं सरासरी हजाराहून थोड्या जास्तीने वाढली, वरचा रक्तदाब चार अंकांनी उतरला. एचबीए१सी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, मात्र हललं नाही, हेही लक्षात ठेवा. २०१९ मधल्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात १४० जणांचे चार गट करून बोलण्याचे उपचार, व्यायाम, दोन्ही किंवा नेहमीचेच उपचार दिले. नेहमीच्या उपचारांपेक्षा पहिल्या तिन्ही प्रकारांनी नैराश्य जास्त कमी झालं. त्या अभ्यासात बहुसंख्य स्त्रिया होत्या. असल्या कार्यक्रमांना पुरुष कमी येतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आपल्याकडचं उदाहरण गोव्याचं. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी, म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेल्यांनी, सहा ते आठ बैठकांत नैराश्यावर उपचार केले आणि त्याचा फायदा झाला. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीचा गाभा ‘वर्तन सक्रियीकरण’ हा होता: मन लागेपर्यंत थांबायचं नाही, ठरलेलं छोटं काम करायचं, मन मागून येतं. आपली योजना याच पायावर उभी आहे.

आधी ओळखा: हे नैराश्य, वैताग की आणखी काही?

पुरुष ‘मला उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाहीत. ‘टेन्शन आहे’, ‘डोकं भणभणतं’, ‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असं म्हणतात. घरच्यांना दिसते ती चिडचिड, मुलांवर ओरडणं, रोजचा एक पेग तीनवर जाणं, उगाच ऑफिसात उशिरापर्यंत बसणं. म्हणून आधी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी भरा. ती मराठीत मिळते आणि पाच मिनिटांत होते. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, यावर ० ते ३ गुण, एकूण २७. पाच ते नऊ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० किंवा त्यापुढे तीव्र. दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटायचंच.

मधुमेहात या चाचणीचा एक सापळा आहे. थकवा, झोपमोड, भूक बदलणं हे प्रश्न वाढलेल्या साखरेमुळेही गुण मिळवतात. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्याची झोप मोडणारच. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे वेगळं बघा: कशातच रस न वाटणं आणि निराश वाटणं. हे दोन्ही शून्य आणि बाकीचे गुण भरपूर असतील, तर आधी साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडतं, आणि त्यातून थकवा, मुंग्या, विसराळूपणा, उदासी असं सगळं येऊ शकतं. शाकाहारी माणसाने तर ही तपासणी टाळूच नये. पोट सुटलेलं, रात्री जोरात घोरणं आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी, असं चित्र असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही बघून घ्या.

दुसरा फरक मधुमेहाच्या वैतागाचा. ‘रोज बोट टोचायचं, लग्नात जेवायला गेलं की दहा जण ताटात डोकावणार, एवढं करून आकडा तोच’ हा त्रास आजारापुरता असतो. त्या माणसाला क्रिकेटची मॅच अजून आवडते, नातवंडं आली की तो खुलतो. नैराश्यात मॅचही आवडेनाशी होते. वैतागावर मधुमेहाची दिनचर्या सोपी करणं हाच मोठा उपाय, नैराश्याला त्याशिवाय वेगळे उपचार लागतात. पुष्कळांत दोन्ही एकत्र असतात.

पीएचक्यू-९ च्या नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरण बरं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार यावर, शून्याखेरीज काहीही आलं तर ही योजना बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास, विनामूल्य चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. विचार ठाम असेल, जिवाला धोका वाटत असेल तर ११२ किंवा १०८ लावा, नाहीतर सरळ जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. इन्सुलिन आणि गोळ्यांचा साठा घरातल्या दुसऱ्या माणसाने आपल्या ताब्यात ठेवावा. शेतकरी घरात फवारणीची औषधं कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

कोणाकडे जायचं, काय विचारायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहून देणारा डॉक्टर. बोलण्याचे उपचार बहुधा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ देतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. पीएचक्यू-९ पंधराच्या पुढे असेल तर औषध आणि बोलणं दोन्ही लागण्याची शक्यता बरीच, तेव्हा आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. खासगीत परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहेच.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. तुम्ही संज्ञानात्मक वर्तन उपचार किंवा वर्तन सक्रियीकरण करता का? दर आठवड्याला गृहपाठ देता का? आणि किती सत्रांनी आपण आढावा घेणार? ‘सकारात्मक विचार करा, सगळं ठीक होईल’ याच्या पलीकडे दोन-तीन सत्रांत काही मिळालं नाही, तर समुपदेशक बदला. तो उपदेश झाला, उपचार नव्हे.

मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारायचं वेगळं. व्यायाम सुरू करतोय, माझी कोणती औषधं साखर खाली पाडू शकतात? इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या पाडू शकतात. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा पडत नाही. डोळ्यांचा पडदा गेल्या वर्षभरात तपासला आहे का? पडद्यावर नवीन नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जड वजन, श्वास रोखून जोर लावणं, उड्या आणि डोकं खाली जाणारी आसनं बंद. त्यात सूर्यनमस्कारही आले. पायाच्या तळव्याला स्पर्श कळतो का? उठून उभं राहिल्यावर चक्कर येते का? चालताना छातीत दाब, धाप किंवा जबड्यात-हातात कळ येते का? मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही असतो, म्हणून नेहमीच्या चालण्याला अचानक धाप लागायला लागली तर व्यायाम थांबवून आधी तपासणी. आणि रक्तदाब-हृदयासाठीची बीटा-ब्लॉकर गोळी सुरू आहे का? असेल तर साखर पडताना हात थरथरणं आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. अशा माणसासाठी घाम हीच सूचना.

वही

साधी शंभर पानी वही पुरे. मोबाइल अॅप चालेल, पण नैराश्यात अॅप उघडलं की बोट यूट्यूबवर जातं, असा बहुतेकांचा अनुभव. रोज एक ओळ, रकाने सहा: वेळ, काय ठरवलं होतं, काय केलं, मन आधी किती आणि नंतर किती (० म्हणजे अगदी वाईट, १० म्हणजे उत्तम), साखर मोजली असेल तर आकडा, आणि अडलं असेल तर कशाने. नमुना असा:

‘मंगळवार, रात्री ८:४५. ठरवलं १० मिनिटं, केलं ७. मन ३, नंतर ५. साखर मोजली नाही. गल्लीतली कुत्री अंगावर आली.’

‘बुधवार. ठरवलं १०, केलं ०. मन २. शेजारच्याने विचारलं, आजकाल दिसत नाही. परत खाली जावंसं वाटलं नाही.’

दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोलाची आहे. न केलेल्या दिवसाचं कारण हाच पुढच्या सत्राचा कच्चा माल. कुत्र्यांवर उपाय म्हणजे रस्ता बदलणं. शेजाऱ्यावरचा उपाय म्हणजे ‘लोक मला नालायक समजतात’ या विचाराशी दोन हात करणं. पुरुष मंडळी बहुधा दुसरी अडचण लपवून पहिलीच सांगतात, आणि मग समुपदेशक बिचारा काठी घेऊन चाला असं सांगत बसतो.

बारा आठवडे

*पहिले दोन आठवडे.* सत्रात एकच काम: दिवसाचा नकाशा काढणं. किती वाजता उठता, कधी पडून राहता, कोणत्या वेळी मन सर्वांत खाली असतं. व्यायाम म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, घराजवळ. जेवणानंतरच का, याचं कारण आहे. चालताना पायाचे मोठे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची उसळी बोथट होते. आणि पहाटे पाचला उठायचा निश्चय नैराश्यातल्या माणसाकडून पहिल्याच आठवड्यात मोडतो, कारण पुष्कळांचं मन सकाळीच सर्वांत जड असतं.

ठरवायचं ते घड्याळाच्या काट्याला बांधून नाही, आधीच्या कृतीला बांधून. ‘ताट उचलून ठेवलं की चप्पल नाही, बूट घालायचे.’ बूट दारातच ठेवा, मोजे त्यातच. बूट घातले आणि फाटकापर्यंत जाऊन परत आलात, तरी त्या दिवशी वहीत बरोबरची खूण.

*तिसरा ते सहावा आठवडा.* चालणं दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवा. सहाव्या आठवड्याअखेर ३० मिनिटं, पाच दिवस, म्हणजेच आठवड्याला शिफारस केलेली १५० मिनिटं. एकदम ३० जमत नसतील तर १०-१० चे तीन तुकडे, प्रत्येक जेवणानंतर एक. वेग असा की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. दोन चालण्यांत सलग दोन दिवसांहून जास्त खंड नको. व्यायामाने इन्सुलिनला मिळालेला जोर एक ते तीन दिवसांत ओसरतो.

सत्रात आता विचारांची नोंद येते. साखर २१० दिसली, डोक्यात आलं ‘एवढं चालून काहीच उपयोग नाही, आपलं काय व्हायचं ते होणार’, मन ५ वरून २ वर आलं, संध्याकाळचं चालणं रद्द. हे वहीच्या मागच्या पानावर पाच ओळींत लिहायचं: काय घडलं, काय वाटलं, त्या विचाराच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, आणि आता कोणतं वाक्य जास्त खरं. इथे साखरेचं ज्ञान उपयोगी पडतं. एका वेळचा आकडा कालचं जेवण, झोप, ताण, सर्दी यांवर हलतो. एचबीए१सी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणजे तीन आठवड्यांच्या चालण्याचा निकाल त्यात पुरता लागणार नाही. चालण्याचा खरा पुरावा हवा असेल तर आठवड्यातून दोनदा जेवणानंतर दीड-दोन तासांनी मोजा, एकदा चालून आणि एकदा न चालता, जेवण शक्यतो सारखं ठेवून. तुमच्याच बोटाच्या रक्ताने दिलेलं उत्तर कोणाच्याही व्याख्यानापेक्षा पटतं. फरक दिसला नाही, तर तेही सत्रात आणा.

ताकदीचा व्यायाम चौथ्या आठवड्यापासून, आठवड्यातून दोनदा, मधे एक दिवस सोडून. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं ८ ते १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड ८ ते १० वेळा, एक लिटर पाण्याच्या बाटल्या खांद्यापासून वर उचलणं ८ ते १० वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं १५ वेळा. पहिले दोन आठवडे एकच फेरी, मग दोन. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. तरुणपणी तालमीत गेलेल्या मंडळींना इथे वेगळा मोह होतो: वीस वर्षांनी थेट पन्नास जोर आणि शंभर बैठका. तिसऱ्या दिवशी मांड्या धरतात, जिना उतरता येत नाही, आणि ‘आपण संपलो’ या विचाराला फुकटचा पुरावा मिळतो.

*सातवा ते दहावा आठवडा.* चालण्याची वेळ तीच, आता त्यातली पाच-दहा मिनिटं जरा झपाट्याने. ऑफिसात किंवा दुकानात बसून काम असेल तर दर अर्ध्या तासाने तीन मिनिटं उठा. फोन आला की उभं राहायचं, एवढा नियमही चालतो. सत्रात समस्या सोडवण्याची पाळी: कर्ज, नोकरी, भावाशी वाद, मुलाचं शिक्षण. एक समस्या घ्यायची, तिचे तुकडे करायचे, या आठवड्यात हातात असलेला एकच तुकडा उचलायचा. सगळ्या चिंता बंद करणं हे काम नाही. बँकेत जाऊन हप्त्याची पुनर्रचना होते का विचारणं, हे काम आहे.

याच टप्प्यावर एक विषय काढायला हवा, जो पुरुष शेवटच्या सत्राच्या शेवटच्या मिनिटाला, दाराशी उभं राहून काढतात, किंवा काढतच नाहीत. मधुमेहात रक्तवाहिन्या आणि नसांवर परिणाम होऊन लिंगाला ताठरता येण्याची अडचण फार जणांना होते. नैराश्याने इच्छा कमी होते. त्यात नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. मग माणूस न सांगता गोळी बंद करतो, आठवडाभरात गरगरतं, चिडचिड होते, झोप उडते, आणि आजार उलटतो. गोळी अचानक थांबवू नका. डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. आणि दुकानातून परस्पर सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध आणून घेऊ नका. छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी, उदाहरणार्थ जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, घेणाऱ्याने ते घेतलं तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

*अकरावा आणि बारावा आठवडा.* पीएचक्यू-९ पुन्हा भरा. पाच किंवा जास्त गुणांची घट म्हणजे खरा फरक. पाचच्या खाली आलात तर उत्तम. निम्म्यावरही आलं नसेल तर ‘आणखी जोर लावतो’ असं म्हणू नका. औषध सुरू करायचं, बदलायचं की सत्रं वाढवायची हा निर्णय तज्ज्ञाबरोबर घ्यायचा. खरं तर हा आढावा सहाव्या आठवड्यालाच एकदा घ्यावा, म्हणजे चुकीच्या वाटेवर तीन महिने जात नाहीत.

साखर पडणं

या सगळ्या योजनेत सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, कारण साखर पडणं आणि मन घाबरं होणं दिसायला सारखंच. घाम, थरथर, धडधड, घाबरल्यासारखं होणं, चिडणं. काही जण समुपदेशनात शिकलेला दीर्घ श्वास घेत बसतात आणि साखर ६० वरून ५० वर जाते. उलट, खरी धास्ती वाटली की काही जण प्रत्येक वेळी ग्लुकोज पितात आणि साखर ३०० करून बसतात. नियम एकच: आधी बोट टोचा, मग ठरवा. मीटर जवळ नसेल तर पडली आहे असंच धरून चाला.

इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने पहिले तीन-चार आठवडे चालण्याआधी मोजावं. ९० च्या खाली असेल तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एखादं केळं, खाऊन मग निघावं. २५० च्या वर असेल आणि सोबत मळमळ, पोटदुखी किंवा लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून बनणारे पदार्थ) असतील, तर व्यायाम नाही, डॉक्टर. गेल्या २४ तासांत साखर जोरात पडली असेल तर त्या दिवशी सुट्टी.

७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटं बसायचं, पुन्हा मोजायचं, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. घरातली साखर असेल तर चहाचे तीन-चार चमचे. पण तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखर लवकर चढत नाही, कारण ही औषधं आतड्यात तिचं विघटनच अडवतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. खिशात पुडी ठेवा. पेढा, लाडू, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीने साखर चढायला उशीर होतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका, १०८ बोलवा.

अजून दोन बारकावे. चालण्याच्या तोंडावर मांडीत इन्सुलिन टोचलं तर ते लवकर शोषलं जातं. त्या वेळेला पोटाची जागा बरी. आणि संध्याकाळी जास्त कष्ट झाले तर साखर रात्री झोपेतही पडते. त्यावर दोन पेग असतील तर धोका वाढतो, कारण दारू जिरवण्यात गुंतलेलं यकृत साखर सोडत नाही, आणि घरच्यांना वाटतं साहेब चढून झोपलेत. उपासाच्या दिवशी तर गोळीच्या डोसाबद्दल आधीच विचारून घ्या. सकाळी काही न खाता गोळी आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, या जोडीने आधी साखर पडते आणि मग गगनाला भिडते.

उलटही घडतं. जोरात धावल्यावर किंवा जड वजन उचलल्यावर साखर थोडा वेळ वाढलेली दिसते, कारण शरीर ताणाची संप्रेरकं सोडतं. घाबरून व्यायाम सोडू नका, दोन-तीन तासांनी पुन्हा मोजा.

बाकी काय बिघडतं

पाय. तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालणं बंद, देवळाच्या तापलेल्या फरशीवरही. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. रोज रात्री आरसा खाली ठेवून तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. फोड, चीर किंवा लाली दिसली तर भरेपर्यंत चालणं थांबवा आणि खुर्चीतले व्यायाम करा. पावसाळ्यात ओले मोजे हे चिखल्यांचं आमंत्रण. त्या चार महिन्यांसाठी घरातली पर्यायी जागा आधीच ठरवा: सोसायटीचा पार्किंगचा मजला, जिना, किंवा टीव्हीसमोर जागेवर पावलं. पर्याय ठरलेला नसला की जूनच्या पहिल्या सरीत योजना वाहून जाते आणि माणूस दिवाळीला उगवतो.

सोबत. चालायला मित्र असावा, पण तो समुपदेशकाची जागा घेत नाही. एक खरं, की पुरुषांना समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालत, रस्त्याकडे बघत बोलणं सोपं जातं. समुपदेशक तयार असेल तर एखादं सत्र चालत घ्या. सकाळच्या बागेतल्या गटाचं मात्र शेवटचं स्टेशन तपासून घ्या. ते वडापावच्या गाडीवर असेल तर हिशोब जुळणार नाही.

बायको किंवा मुलं. त्यांनी पहारेकरी होऊ नये. ‘आज गेला नाहीत ना?’ या प्रश्नाने दुसऱ्या दिवशीचंही चालणं बुडतं. ‘मी खाली जातेय, येताय का?’ हे वाक्य चालतं. एका सत्राला त्यांना बरोबर न्या आणि तिथेच ठरवा, की काय विचारायचं आणि काय नाही.

सत्र बुडालं की पुढचं बुडवायची इच्छा होते, तोंड दाखवायची लाज वाटते. गृहपाठ झाला नसेल तरी जा. ‘काहीच केलं नाही’ हा सत्रासाठी पुरेसा विषय आहे.

बाराव्या आठवड्यानंतर

सत्रं एकदम थांबवू नका. महिन्याला एक, फोनवर चालेल, पुढचे आठ-नऊ महिने. एचबीए१सी तीन महिन्यांनी. साखर सुधारत गेली तर औषधाचा डोस कमी करावा लागू शकतो, त्यासाठी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस तसाच राहिला तर सुधारणेचीच शिक्षा म्हणून साखर पडायला लागते.

शेवटच्या सत्रात एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. माझं मन घसरायला लागलं की सर्वांत आधी काय बदलतं: दाढी चुकते, फोन उचलत नाही, रात्री दोनपर्यंत मोबाइल. सलग किती दिवस असं झालं की हलायचं: सात. तेव्हा सर्वांत छोटं काय करायचं: जेवणानंतर बूट आणि फाटकापर्यंत. आणि कोणाला फोन करायचा: दोन नावं, आणि खाली १४४१६. त्याची एक प्रत घरच्या माणसाकडे, दुसरी घडी घालून ग्लुकोमीटरच्या पाकिटात, पट्ट्यांच्या डबीमागे.